बेसावध शब्द आणि पापांगीकार : ख्रिस्ती क्षमायाचनेच्या मराठी परिभाषेविषयी

नको तो शब्द तोंडून गेल्यावर मराठी माणूस त्याची कबुली अनेक प्रकारच्या वाक्यांनी देऊ शकतो. ‘मी तसे बोललो’, ‘मी बोलून गेलो’, ‘मी बोलून बसलो’, ‘माझ्याकडून बोलले गेले’, ‘तोंडातून शब्द निघून गेला’, ‘जीभ घसरली’. या सर्व वाक्यांतील घटना एकच आहे. बोलणारा त्या घटनेपासून किती अंतरावर उभा आहे, एवढेच प्रत्येक वाक्यात बदलते. ‘बोलून गेलो’ यातील ‘जाणे’ हे सहायक क्रियापद कृती भानावर नसताना घडल्याचे सुचवते. ‘बोलून बसलो’ यातील ‘बसणे’ कृती आता परत घेता येत नाही आणि तिचे ओझे कर्त्यावर आले आहे, असे सांगते. ‘बोलले गेले’ यात कर्ता बाजूला सरकतो. ‘शब्द निघून गेला’ यात तर शब्दच कर्ता होतो आणि माणूस केवळ त्याच्या निर्गमनाचे स्थान उरतो. ‘जीभ घसरली’ यात सगळा दोष एका इंद्रियावर टाकून माणूस मोकळा होतो.

व्याकरणातील या सोयी निरुपद्रवी वाटतात, आणि लौकिक व्यवहारात बहुधा तशा असतातही. परंतु ख्रिस्ती धर्मातील क्षमायाचनेचा विचार सुरू झाला की त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. पापाचा अंगीकार करणाऱ्याने ‘मी केले’ असे म्हणावे, ही त्या धर्माची मूळ अपेक्षा आहे. आणि बेसावध शब्दाचे स्वरूपच असे की, तो उच्चारताना ‘मी’ पूर्णपणे उपस्थित नव्हता असे बोलणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असते. मग ‘मी बोलून गेलो’ हे वाक्य पापाची कबुली समजावयाचे की पापातून काढलेली पळवाट? जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५६ साली सबबींच्या भाषेवर जे व्याख्यान दिले, त्यात ‘चुकून’, ‘नकळत’, ‘अपघाताने’ यांसारख्या शब्दांतील सूक्ष्म भेद हा नीतिविचाराचा खरा कच्चा माल आहे, अशी भूमिका मांडली होती. ‘अनवधानाने’, ‘सहज’, ‘भरात’, ‘ओघात’ असे शब्द मराठीत विपुल असल्याने तिला ती भूमिका चांगलीच लागू पडते.

बेसावध शब्दाविषयीचे नव्या करारातील प्रमुख वचन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. माणसांनी उच्चारलेल्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, असा त्याचा आशय. येथे ‘व्यर्थ’ या अर्थी मूळ ग्रीक विशेषण ‘आर्गोस्’ असे आहे. नकारदर्शक ‘अ’ आणि ‘एर्गोन्’ म्हणजे काम, या दोहोंपासून ते बनले आहे. बाजारात काम न मिळाल्यामुळे उभ्या असलेल्या मजुरांना याच शुभवर्तमानात हेच विशेषण लावलेले आहे. म्हणजे हा शब्द अर्थशून्य नव्हे, तर रिकामा बसलेला, काही काम न करणारा. चौथ्या-पाचव्या शतकांतील भाष्यकार जेरोम याने बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही उपयोगी न पडणारा शब्द, अशी त्याची व्याख्या केली. ती मान्य केली तर हास्यविनोद आणि गप्पागोष्टी यांवरही न्यायदिनाची सावली पडते, आणि मठवासी परंपरेने तसा अर्थ कधी कधी घेतलाही. पण संदर्भ पाहिला तर हे टोक आवश्यक वाटत नाही. ज्या प्रसंगी हे वचन येते तेथे विरोधकांनी येशूच्या रोगनिवारणाला सैतानी शक्तीचे कार्य म्हटले आहे; म्हणजे प्रश्न गप्पांचा नसून, परिणामाचा विचार न करता दुसऱ्याविषयी काढलेल्या उद्गारांचा आहे.

त्याच वचनातील आणखी एक गोष्ट अनुवादात हरवते. ‘हिशेब’ या अर्थी ग्रीकमध्ये ‘लोगोस्’ हा शब्द आला आहे, आणि ‘लोगोस्’ म्हणजे शब्दही. जो रिकामा शब्द बोलला त्याने त्याबद्दल शब्द द्यावा, असा हा खेळ आहे. मराठीत ‘शब्द देणे’ म्हणजे वचन देणे, त्यामुळे तो खेळ जसाच्या तसा उतरत नाही. परंतु मराठीला स्वतःची दोन साधने आहेत. एक ‘जाब’, हा मुळात अरबी ‘जवाब’ म्हणजे उत्तर. पण ‘जाब देणे’ म्हणजे केवळ उत्तर देणे नव्हे, जबाबदारी पत्करणे. दुसरे ‘बोल’. बोल म्हणजे शब्द, आणि ‘बोल लावणे’ म्हणजे दोष देणे. उच्चार आणि दोषारोप यांना एकच नाव देणाऱ्या भाषेत या वचनाचा आशय परका वाटू नये.

वचनाच्या लगेच आधी, अंतःकरणात जे भरून राहिलेले असते तेच मुखावाटे बाहेर येते, असे म्हटले आहे. बेसावधपणाच्या सबबीला दिलेले हे उत्तरच होय. सावधपणे बोललेला शब्द माणूस निवडून, पारखून काढतो, म्हणून त्यावरून त्याचे अंतरंग कळेलच असे नाही; बेसावध शब्द मात्र कोणतीही चौकी न लागता बाहेर पडतो, आणि म्हणून तोच अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरतो. १९०१ साली फ्रॉइडने जिभेच्या घसरण्यांचे जे विवेचन केले, त्याची प्रेरणा सर्वस्वी भिन्न होती. तरी बेसावध उच्चार निष्कारण नसतो, एवढ्या मुद्द्यावर तो आणि शुभवर्तमानकार एकाच बाजूला उभे दिसतात, हे गमतीचे आहे.

मध्ययुगीन नीतिशास्त्राने याविषयी अधिक बारकाईने विचार केला. थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा’ या ग्रंथात वाचिक अपराधांना पाच स्वतंत्र प्रश्न वाहिलेले आहेत : तोंडावर केलेला अपमान, पाठीमागची निंदा, मैत्री तोडणारी कानगोष्ट, उपहास आणि शाप. यांतील अपमानाच्या चर्चेत हेतूचा प्रश्न येतो. अपमान करण्याचा हेतू नसताना केवळ उथळपणाने शब्द गेला तर तो पूर्ण अर्थाने अपमान नव्हे, असे अक्वायनस मानतो. पण तेथेच तो थांबत नाही. खेळताखेळता निष्काळजीपणे हात उगारून दुसऱ्याला गंभीर इजा करणारा जसा निर्दोष ठरत नाही, तसाच मर्मी लागणारा शब्द निष्काळजीपणे टाकणाराही निर्दोष नाही, अशी पुस्ती तो जोडतो. या दृष्टान्तामुळे सबब निकाली निघत नाही, तिचे क्षेत्र आखले जाते. हेतू नव्हता हे खरे असू शकते. परंतु सावध राहणे हे कर्तव्य होते आणि ते पाळले गेले नाही, हेही तितकेच खरे. म्हणून ज्याचा अंगीकार करावयाचा ते पाप शब्दाच्या अर्थात शोधण्यापेक्षा त्या क्षणीच्या बेपर्वाईत शोधावे लागते.

आता ‘अंगीकार’ हा शब्दच पाहू. ख्रिस्ती मराठीत या क्रियेला ‘पापांगीकार’, ‘पापनिवेदन’, ‘पापकबुली’ अशी नावे आढळतात, आणि गोव्याच्या कोंकणीत पोर्तुगीजमधून आलेला ‘कुमसार’ हा शब्द रूढ आहे. यांपैकी ‘पापांगीकार’ ख्रिस्तेतर वाचकाच्या कानाला जरा चमत्कारिक लागतो. व्रताचा, दीक्षेचा, तत्त्वाचा अंगीकार करतात. पापाचा अंगीकार म्हणजे पाप पत्करणे की काय, अशी शंका त्याला यावी. पण व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही निवड फार समर्पक आहे. जे अंग नव्हते ते अंग करणे, आपले म्हणून स्वीकारणे, हा तिचा मूळ भाव. ‘जीभ घसरली’ या वाक्याने जे अंगाबाहेर टाकले, ते ‘अंगीकार’ पुन्हा अंगाला आणून चिकटवतो. याच अर्थाचे ग्रीक क्रियापद ‘होमोलोगेइन्’ म्हणजे ‘तेच बोलणे’, दुसऱ्याच्या म्हणण्याशी आपले म्हणणे जुळवणे. ‘कबुली’त फिर्यादीच्या आरोपाला होकार देण्याची जी कचेरीतील छटा आहे, ती या ग्रीक शब्दाला जवळची. ‘निवेदन’ मात्र फारच सौम्य. बातमीचेही निवेदन होते.

रोमन उपासनेतील पापांगीकाराच्या प्रार्थनेत, विचाराने, शब्दाने आणि कृतीने आपण पाप केले, असे उपासक म्हणतो आणि दोष स्वतःचाच असल्याचे तीनदा उच्चारीत छातीवर हात मारतो. १९७० च्या सुधारित मिस्सा ग्रंथात ‘न करण्याने’ घडलेल्या पापाची चौथी जोड तिला मिळाली. मराठी मनाला येथे ‘कायावाचामने’ या त्रयीची आठवण होणे स्वाभाविक आहे. क्रम मात्र उलटा आहे. भारतीय त्रयी देहापासून आत मनाकडे जाते. लॅटिन त्रयी आतून बाहेर येते. वाणी दोन्हींत मध्येच राहते, आणि बेसावध शब्दाची अडचणही हीच, की तो मनातला म्हणावा तर मनाने ठरवलेला नसतो आणि कृती म्हणावी तर हाताला काही लागलेले नसते.

मराठीच्या प्रयोगव्यवस्थेतील एक विशेष येथे नोंदवण्यासारखा आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद सामान्यतः कर्माशी जुळते. ‘मी पाप केले’, ‘मी चूक केली’ यांत क्रियापदाचे लिंग पापाचे किंवा चुकीचे आहे. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे त्यावरून कळत नाही. परंतु ‘बोलणे’, ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘चुकणे’ ही मोजकी क्रियापदे कर्म असतानाही कर्त्यालाच धरून राहतात. ‘मी खोटे बोललो’, ‘मी खोटे बोलले’, ‘मी वाट चुकलो’. म्हणजे केलेल्या पापाच्या वाक्यात क्रियापद पापामागे जाते आणि बोललेल्या पापाच्या वाक्यात ते बोलणाऱ्यामागे येते. यावरून धर्मशास्त्र काढणे हास्यास्पद होईल. प्रयोगभेद ऐतिहासिक कारणांनी घडतात, नैतिक कारणांनी नव्हे. तरीही अंगीकाराला अनुकूल असे साधे वाक्य भाषेत तयारच आहे आणि त्याला बगल देण्यासाठी बोलणाऱ्याला ‘बोलले गेले’ अशी वळणे मुद्दाम घ्यावी लागतात, हे खरे.

‘चुकणे’ या क्रियापदाचे वैभव तर आणखी मोठे आहे. पापवाचक हिब्रू धातू ‘खाता’ आणि ग्रीक ‘हामार्तानेइन्’ या दोहोंचा मूळ अर्थ नेम किंवा वाट चुकणे असाच आहे. नेमका हाच अर्थविस्तार मराठी ‘चुकणे’त झालेला आहे. असे असूनही ख्रिस्ती परिभाषेत स्थान मिळाले ते ‘पापा’ला, आणि ते बरोबरही होते, कारण ‘चूक’ गणितातही होते. परंतु त्यामुळे नित्याच्या भाषेत एक दरी राहिली. शेजाऱ्याला लागेल असे काही बोलून गेलेला मनुष्य त्याच्याजवळ ‘माझे चुकले’ म्हणतो आणि देवाजवळ ‘मी पाप केले’ म्हणतो. पहिल्या वाक्यात षष्ठी आहे, क्रियापद नपुंसकलिंगी आणि कर्ता अव्यक्त. तरी मराठी कानाला ‘चूक झाली’पेक्षा ते कितीतरी अधिक मनापासून आलेले वाटते, कारण चूक कोणाची हे त्यात सांगून टाकलेले असते.

पश्चात्तापाच्या नावाचा इतिहास युरोपात मोठ्या वादाचा विषय झाला होता. नव्या करारातील ‘मेतानोइआ’ म्हणजे मनाचे पालटणे. लॅटिन अनुवादाने त्यासाठी ‘पेनितेन्तिया’ हा शब्द योजला, आणि त्यात दुःख व प्रायश्चित्त यांचे अर्थ मिसळले. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला याने आणि १५१६ च्या ग्रीक आवृत्तीच्या टिपांत इरॅस्मसने या अनुवादावर आक्षेप घेतला. १५१७ साली लूथरने आपल्या पंचाण्णव प्रमेयांतील पहिलेच प्रमेय या शब्दावर उभारले, आणि पुढील वर्षी लिहिलेल्या एका पत्रात ग्रीक शब्दाचा अर्थ कळल्याने आपल्याला काय लाभले तेही सांगितले. एका शब्दाच्या अनुवादाने इतके मोठे वादळ उठल्याची उदाहरणे फार थोडी.

मराठीतील ‘पश्चात्ताप’ हा शब्द या वादात कोठे बसतो? पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे होरपळ. म्हणजे त्यात पालटण्याचा भाव नाही, जळण्याचा आहे. या दृष्टीने तो ‘मेतानोइआ’पेक्षा ‘मेतामेलेइआ’ या दुसऱ्या ग्रीक शब्दाला, म्हणजे मागाहून वाटणाऱ्या हळहळीला, जवळचा. यहूदाला येशूला धरून दिल्यावर जे वाटले त्यासाठी मत्तयाने याच दुसऱ्या शब्दाचे क्रियापद वापरले आहे. मात्र हा भेद फार ताणू नये. दोन मुलांच्या दृष्टान्तात वडिलांना ‘मी जात नाही’ असे फटकन उत्तर देऊन नंतर मळ्यात गेलेल्या मुलाविषयीही तेच क्रियापद आले आहे, आणि तेथे त्याची प्रशंसा आहे. त्या मुलाने शब्द परत घेतल्याचे कथेत कोठे म्हटलेले नाही. तो कामाला गेला, एवढेच.

मराठीला याबाबतीत एक सोय सहज लाभलेली आहे. ‘पश्चात्ताप’ या तत्सम शब्दाबरोबर त्यातूनच घडलेला ‘पस्तावा’ हा तद्भव शब्दही भाषेत नांदतो, आणि दोघांनी अर्थाची वाटणी करून घेतली आहे. बेभरवशाच्या व्यवहारात पैसे घालून माणूस पस्तावतो. तेथे हळहळ स्वतःच्या नुकसानीची असते. दुसऱ्याला दुखवल्याची जी जाणीव, तिच्यासाठी बहुधा ‘पश्चात्ताप’ हाच शब्द येतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने वरील दोन्ही ग्रीक शब्द एकाच पदबंधात गुंफले आहेत. ज्याचा पस्तावा होत नाही असा पश्चात्ताप, हा त्याचा मराठी पर्याय मूळ रचनेच्या किती जवळ जातो, हे वेगळे सांगावयास नको. बेसावध शब्दाच्या बाबतीत ही वाटणी फार उपयोगी पडते. ‘बोलून बसलो’ म्हणणाऱ्याला संबंध बिघडल्याचा, नाव गेल्याचा पस्तावा झालेला असतो. ऐकणाऱ्याला काय झाले असेल हा विचार त्यात असेलच असे नाही. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त नारायण वामन टिळकांचा तापट स्वभाव आणि राग ओसरताच होणारी त्यांची तगमग ज्या निर्मळपणे रंगवली आहे, ती वाचताना या दोन शब्दांमधील सीमारेषा एकाच माणसाच्या ठायी कशी पुढेमागे सरकते, ते दिसते.

क्षमेचे शब्दही असेच दुहेरी आहेत. ‘क्षमा’ ‘क्षम्’ म्हणजे सोसणे या धातूपासून आली. क्षमा करणारा अपराध सहन करतो. ‘माफी’ अरबीतून आली आणि मराठीत ती दीर्घकाळ महसुली व्यवहारात वावरली. सारा माफ होतो, कर्ज माफ होते. पंडितांनी ‘माफी’ला हलकी मानून धर्मग्रंथांतून दूर ठेवले हे स्वाभाविक होते, पण अर्थाच्या दृष्टीने शुभवर्तमानाला तीच अधिक जवळची आहे. ‘अफिएनाइ’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ सोडून देणे. ते ऋणालाही लागते आणि पापालाही. अरामी भाषेत तर ऋण आणि पाप यांना ‘होबा’ हा एकच शब्द आहे. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने ऋणाचा शब्द ठेवला आणि लूकने पापाचा, याचे कारण त्या अरामी शब्दात शोधले जाते. निर्दय चाकराच्या दृष्टान्तात राजाने सोडलेले ऋण १०,००० तालान्त आणि त्या चाकराने न सोडलेले ऋण १०० दिनार. एका तालान्ताचे सुमारे ६,००० दिनार धरले आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी समजली, तर दोहोंचे प्रमाण सहा लाखांस एक असे पडते. जमाखर्चाच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिणाऱ्या समाजाला हा दृष्टान्त समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. त्या सूत्रात चूक देण्याघेण्याची वस्तू आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी होते हे गृहीतच धरलेले आहे.

क्षमा कोणाकडे मागावयाची, याबाबतीत डोंगरावरील प्रवचनाचा क्रम स्पष्ट आहे. तेथे भावाला ‘राका’ म्हणजे अरामीत ‘रिकाम्या डोक्याचा’ म्हणणे आणि ‘मूर्ख’ म्हणणे, या दोन साध्या शिव्यांची गणना मनुष्यवधाच्या शेजारी केली आहे. आणि लगोलग, वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे सांगितले आहे. आठवावयाचे ते आपल्या मनातले नव्हे, त्याच्या मनातले. बोलणाऱ्याला हेतू नव्हता हा मुद्दा येथे अप्रस्तुत ठरतो, कारण मोजमाप ऐकणाऱ्याच्या बाजूने सुरू होते. पुढील काळात सार्वजनिक प्रायश्चित्त मागे पडून धर्मगुरूजवळचे खासगी पापनिवेदन रूढ झाले आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून एकदा अनिवार्य केले, तेव्हा या क्रमाला धक्का बसण्याचा संभव निर्माण झाला. निंदेने घालवलेली अब्रू परत मिळवून दिली पाहिजे, या नीतिशास्त्रीय दंडकाने तो काही अंशी सावरला गेला. पापनिवेदन ऐकावयाचे तर धर्मगुरूला लोकांची भाषा समजणे भागच होते. १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापणाऱ्या फादर स्टीफन्सचे कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले, त्यामागील गरजांत हीही एक होती.

क्रिस्तपुराणानंतर थोड्याच वर्षांत एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने पेत्राच्या चरित्रावर मराठीत स्वतंत्र पुराण रचले. पेत्र हा या विषयाचा नायक शोभावा असाच आहे. शुभवर्तमानांत विचारापूर्वी शब्द ज्याच्या तोंडी येतो असा शिष्य तोच. रूपांतराच्या प्रसंगी काय बोलावे हे त्याला कळत नव्हते आणि तरीही तो बोलला, असे मार्कने नोंदवून ठेवले आहे. प्रमुख याजकाच्या वाड्यात त्याने तीनदा नाकारले, त्या वेळी त्याला उघडे पाडले ते त्याच्या गालिली बोलीने. शब्द खोटे सांगत होते आणि उच्चार खरे. योहानाच्या वृत्तान्तात या नकाराच्या वेळी कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, आणि त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द संबंध नव्या करारात आणखी एकदाच येतो : पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी, येशू पेत्राला तीनदा प्रश्न करतो त्या प्रसंगी. प्रश्न प्रेमाविषयीचा आहे. त्यातील दोन ग्रीक क्रियापदांच्या भेदावर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी अनेक अभ्यासक तो केवळ शैलीचा मानतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झाले, असे योहान म्हणतो, आणि दुःखाचा हा धातू पौलाच्या वरील अध्यायातील दुःखाचाच आहे. या संवादात पेत्र क्षमा मागत नाही. ‘अफिएनाइ’ हे क्रियापदही तेथे नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याला मेंढरे राखण्याचे काम सांगितले जाते.